पोपटानं मारलेली हाक

आधी एक सांगते. मी अंगारे-धुपारे करणारी बाई नाही. माझं माहेर भूमकडचं. तिथल्या आमच्या विहिरीवर म्हणे काहीतरी होतं, पण मी त्याच विहिरीवर लग्नापर्यंत धुणं धुतलंय, मला कधी कुणी दिसलं नाही. आमच्या धाकट्या जावेच्या मोबाईलवर लोकांचे अनुभव येतात... कुणाला घाटात बाई दिसली, कुणाला बंद खोलीत पैंजण ऐकू आले. ती मोठ्यानं वाचते आणि मी भाकरी थापता थापता हसते. आता मीच लिहायला बसलेय, तर माझं मलाच हसू येतंय.

पाठवीन की नाही, ठाऊक नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझं तोंडच उघडत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, ते बरं असतं.

आम्ही सास्तूरचे, लोहारा तालुका. भूकंपानंतर गाव नव्यानं वसवलं, त्यातलं आमचं घर. यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, म्हणजे विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी सोडवून त्यात नवी तार भरायची. त्यामुळं सगळे यांना वस्ताद म्हणतात. माकणीच्या रस्त्याला थोडं रान आहे, एक गाय आहे.

आणि यांना रेडिओचा नाद आहे. गाण्यांचा रेडिओ नव्हे — बोलायचा. सरकारची परीक्षा देऊन लायसन काढायचं, मग अक्षरं-आकड्यांचं एक नाव मिळतं, आणि त्या नावानं जगातल्या दुसऱ्या लायसनवाल्याशी बोलता येतं. भूकंप झाला तेव्हा यांना नुकतं मिसरूड फुटलेलं. फोन बंद, रस्त्यावर नुसती धूळ. तेव्हा कुठून कुठून माणसं आली आणि गाडीच्या बॅटरीवर रेडिओ लावून बसली. यांची थोरली बहीण लांब दिलेली होती. आई आणि भाऊ जित्ते आहेत, हा निरोप तिला त्या रेडिओवरनं गेला. ते यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. दुकान नीट चालायला लागल्यावर यांनी परीक्षा दिली.

पण आमच्या घरावरच्या एरियलच्या काठीनं काही लांबचं पोचायचं नाही. मग कळंबच्या सरांनी यांना एक डबी जुळवून दिली. सर म्हणजे रिटायर झालेले शिक्षक, तेही याच नादातले. डबी काडेपेटीपेक्षा जरा मोठी, वर करंगळीएवढी एरियल, पुढं इवलासा पडदा. तिला हॉटस्पॉट म्हणतात. हातातला वॉकीटॉकी, त्याला हे सेट म्हणतात, डबीशी बोलतो, डबी मोबाईलच्या नेटवरनं जगाशी. पॉवर बँकेवर चालते, म्हणून कुठंही नेता येते. हे ती भाकरीच्या पिशवीत घालून रानात न्यायचे, लिंबाच्या फांदीला पिशवी टांगायची, आणि पिकाला पाणी देता देता केरळातल्या माणसाशी पावसापाण्याचं बोलायचं. मी म्हणायची, "पिशवीत भाकरी तरी हाय का, का नुसती डबीच आणली?"

आता पोपटाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे.

हा पोपट म्हणजे पक्षी नव्हे. तो नेटवर कुठंतरी बसलेला आहे. त्याचा नंबर लावायचा, बटण दाबायचं, बोलायचं, बटण सोडायचं. जरा दम खाऊन तो आपलंच बोलणं आपल्या आवाजात परत ऐकवतो. म्हणजे डबी चालू आहे आणि आपला आवाज नीट जातोय, हे दुसऱ्या कुणाला त्रास न देता कळतं. रेडिओवाले सकाळी आधी पोपटाशी बोलतात आणि मग माणसांशी. कुणी आकडे म्हणतं, कुणी आपलं लायसनचं नाव.

आमचे हे म्हणायचे, "शालन, शालन... ऐकू येतंय का?"

शालन म्हणजे मी.

आमच्या घरात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. हे मला "अगं ए" म्हणायचे, नाहीतर "ऐकलं का". लग्न होऊन इतकी वर्षं झाली, लेक झाली, तिचं लग्न झालं, पण यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलेलं नव्हतं. ते पहिल्यांदा ऐकलं ते या डबीमुळं. सासूबाई तेव्हा होत्या. ओसरीवरनं म्हणाल्या, "कुणाला हाका मारतोस रं?"

"कुणाला न्हाय, आई. मशीन तपासतोय."

"मशीनचं नाव शालन हाय व्हय?"

मी चुलीपुढं होते, कान तापले. आणि तेवढ्यात पोपटानं यांच्याच आवाजात पुन्हा विचारलं, "शालन, शालन... ऐकू येतंय का?" सासूबाई म्हणाल्या, "आता तर दोघं मिळून हाका मारायला लागले!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

मग ते रोजचंच झालं. एकदा यांची हाक, एकदा पोपटाची. पोपटाची जरा पितळी घागरीत तोंड घालून मारल्यासारखी. दोन्ही झाल्या की मी चुलीपाशीच हळू म्हणायची, "येतंय." ते यांच्यापर्यंत पोचायचं की नाही, मी कधी विचारलं नाही.

माझे आईवडील गेले. भाऊ आक्का म्हणतात, गावात वैनी नाहीतर काकी. शालन म्हणणारं माणूस जगात एकच उरलेलं होतं, आणि तेही मशीन तपासण्याच्या नावाखाली.

मागच्या पावसाळ्यात यांचा घसा बसला. औषधं झाली, काढे झाले, आणि मग सोलापूरच्या दवाखान्यात गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागली. गळ्याला पुढून भोक आहे, त्यातनं श्वास घेतात, त्यावर मऊ फडकं बांधतात. माणूस हाती लागला, माझी काही तक्रार नाही. गळ्याला लावून बोलायचं घुमणारं यंत्र मिळतं म्हणाले डॉक्टर, यांनी मान हलवून नको म्हटलं.

ऑपरेशनच्या आधी आम्ही दोघं खोलीत होतो. बोलून घ्यावं असं दोघांनाही वाटत असणार. पण आम्हाला तसं बोलता येत नाही. मी विचारलं, "दूध आणू का?"

हे म्हणाले, "नको."

तो शेवटचा शब्द.

नंतर लेकीनं यांचा मोबाईल धुंडाळला, कुठं आवाज राहिलाय का म्हणून. पाठवलेल्या एका निरोपात हे तांब्याच्या तारेचा भाव सांगत होते, आणि एकात कुणावर तरी ओरडत होते की मोटार तयार आहे, अजून नेली का नाहीस. लेक रडली, मग आम्ही दोघी हसलो. पण माझ्या नावाचं काही नव्हतं. पोपट काही साठवून ठेवत नाही — ऐकवतो आणि विसरतो. मला काय पाहिजे होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली. पन्नाशीकडं झुकलेली बाई, आणि नवऱ्यानं एकदा नावानं हाक मारावी म्हणून झुरतेय, असं कसं सांगायचं?

घरी आल्यावर थोडे दिवस हे सकाळी डबी काढायचे. बटण दाबायचे, ओठ हलवायचे, सोडायचे. पोपट नुसता श्वास परत द्यायचा... फूस. मी चुलीपाशी गप्प. मग यांनी डबी काढायचीच सोडली.

थंडीत एक दिवस मोबाईल माझ्यापुढं धरला. कळंबच्या सरांना लिहिलं होतं — डबी आणि सेट घेऊन जा, कुणा नव्या माणसाला द्या. पाठवू का, असं यांनी नजरेनं विचारलं. नको म्हणावं असं फार वाटलं. पण ज्या वस्तूकडं बघून माणसाला त्रास होतो ती घरात ठेवा म्हणायचं कसं? मी मान डोलावली. त्या दिवसांत आम्ही दोघंही मानेनंच बोलायचो.

सर आले तेव्हा आम्ही रानात होतो. कळंबहून एसट्या बदलत आले बिचारे, आणि गावातल्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून थेट बांधापर्यंत. सकाळ सरून ऊन नुकतं चढलेलं. आदल्या दिवशी पाणी दिल्यामुळं हरभरा खाली ओला होता. मी सरांना न्यायला ढाळे उपटत होते. ढाळे म्हणजे हरभऱ्याची घाटे लागलेली हिरवी झाडं. लिंबाच्या बुडाशी गाय बांधलेली, आणि पलीकडं खुंटीला हरणी. हरणी म्हणजे गाईचं वासरू. ते दिवाळीनंतर झालं, यांचा आवाज गेल्यावर. नाव मीच ठेवलं.

"वैनी," सर म्हणाले, "वस्ताद तर टवटवीत दिसतात, तुम्हीच वाळलात. यांच्या वाटणीचं दूध तुम्ही पीत जा."

मी हसून ढाळ्यांत तोंड घातलं. सरांपुढंही मला बोलायला होत नाही.

सर यांच्याशेजारी बसले. "वस्ताद, सकाळी तुमच्याबिगर मजा न्हाय. तो केरळवाला रोज विचारतो, सास्तूर कुठं गेलं? माणसाचं नाव विसरला, गावाचंच नाव ठेवलंय तुम्हाला."

हे हसले. गळ्याला हात लावला आणि तो हवेत उडवून दिला, गेलं म्हणून.

"बोलू नका, पण ऐकायला काय झालं? नुसतं ऐकत बसा की."

यांनी मोबाईलवर लिहिलं, सरांपुढं धरलं. सरांनी वाचलं आणि मोबाईल हळूच यांच्या हातात परत ठेवला. मला नंतर कळलं, यांनी लिहिलं होतं: 'सगळे नाव घेऊन विचारतात. उत्तर देता येत नाही. जीव तडफडतो.'

जरा वेळानं सर म्हणाले, "बरं, नेतो. पण आपला रिवाज तुम्हाला ठाऊक हाय. सेट दुसऱ्याच्या हाती द्यायच्या आधी मालकानं चालवून दाखवायचा. लावा पोपट."

यांनी मान हलवली, नको म्हणून.

"न्हाय वस्ताद. तुमचा सेट, तुमचं नाव. शेवटचं बटण तुम्हीच दाबायचं."

यांनी डबी चालू केली, पिशवीत ठेवली, पिशवी फांदीला टांगली. नेहमीसारखंच सगळं. मला ते बघवेना. ओठ हलणार आणि पोपट श्वास परत देणार, ते मला बघायचं नव्हतं. मी वळून खाली बसले आणि ढाळ्यांची पेंढी बांधायला लागले. हरणी माझ्या पाठीमागं, लांब. बटण दाबल्याचा बारीक आवाज मी ऐकला. मग सोडल्याचा. मग ते नेहमीचं जरासं थांबणं...

"शालन... शालन! हरणी सुटली बघ! वल्या हरभऱ्यात शिरतीय!"

"व्हय व्हय, बघते!" म्हणत मी उठले आणि पळाले.

खरंच सुटली होती. दोर मागं फरफटत होता आणि ही हरभऱ्यात मान घालून ओरबाडत होती. ओला हरभरा एवढ्याशा वासरानं पोटभर खाल्ला तर पोट फुगतं, तासाभरात जनावर जातं. मी दोर धरला, तिच्या जबड्यात बोटं घालून तोंडातला पाला काढला, "मरायचंय का तुला, गाढवे" म्हणून एक चापटी दिली. आणि दोर हाताला गुंडाळत असताना माझ्या लक्षात आलं...

मला हाक कुणी मारली?

पाय तिथंच राहिले. वळून बघितलं तर सर उभे राहिले होते, हातात अर्धा सोललेला घाटा. हे बसलेलेच, पण सेट असा लांब धरलेला, विस्तव धरल्यासारखा. ऊन पडलंय, साळुंक्या ओरडताहेत, रस्त्यानं ट्रॅक्टर चाललाय. भीती वाटावी असं तिथं काहीच नव्हतं.

सर म्हणाले, "वैनी... तुम्ही काय ऐकलं?"

"हरणी सुटली म्हणून."

"कोण म्हणालं?"

मी नाव कसं घेणार? हनुवटीनं यांच्याकडं दाखवलं.

सर यांच्याकडं वळले. "वस्ताद, बटण दाबल्यावर तुम्ही काय म्हणालात? म्हणजे... ओठांनी?"

यांनी मोबाईलवर लिहिलं, सरांनी मोठ्यानं वाचलं. अक्षराला अक्षर तेच. बटण दाबताना यांना माझ्या पाठीमागं सुटलेली हरणी दिसली, आणि आवाज नाही हे विसरून हे जीव खाऊन ओरडले. सर अगदी शेजारी होते. ते म्हणाले, "मला फक्त गळ्यातली हवा ऐकू आली. दुसरं काही न्हाय. आणि मग सेटमधनं तुमचा आवाज आला. तुमचाच, पहिल्यासारखा."

मग यांनी पुन्हा बटण दाबलं. फूस. पुन्हा. फूस. उभं राहून, बसून, गळ्याचं फडकं काढून, लिंबाच्या या बाजूनं, त्या बाजूनं. पोपट वारा ऐकवत राहिला. शेवटी सरच म्हणाले, "पुरे वस्ताद. तो काय रोजगारानं लावलेला गडी हाय का?"

हे हसले, आणि हसता हसता रडले. दोन्हीला आवाज नाही.

आम्ही ढाळे भाजले, भाकरी खाल्ली. जेवताना सर एकटेच बोलत होते, स्वतःशीच वाद घातल्यासारखे. जुना कधीचा आवाज कुठंतरी अडकून राहिला असेल आणि आज सुटला असेल. मग स्वतःच म्हणाले, पण हरणी तर तेव्हा जन्मलीच नव्हती. मग म्हणाले, ही मशीन माणसाच्या आवाजाचे बारीक तुकडे करते आणि पलीकडं पुन्हा जुळवते, कदाचित नुसत्या हवेवरनं तिनं शब्द जुळवले असतील. जरा वेळ घाटे सोलत बसले आणि म्हणाले, "शब्द एक वेळ जुळवील. पण वस्तादांचा आवाज कुठनं आणील?"

निघायची वेळ झाली तेव्हा सरांनी फांदीवरची पिशवी बघितली. रिकामी. डबी यांच्या सदऱ्याच्या खिशात गेली होती आणि वरून हात ठेवलेला होता. सरांनी ढाळ्यांची पेंढी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "न्यायला आलो होतो डबी, आणि घेऊन चाललो ढाळे. घरी विचारलं तर काय सांगू?"

पुढं तपासणीला सोलापूरला गेलो तेव्हा मी धीर करून डॉक्टरांना विचारलं, आवाज कधी एखाद्या वेळी येऊ शकतो का. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं की जे काढलंय त्यातनं येणार कसा. मी बरं म्हटलं. खरं काय घडलं ते नाही सांगितलं.

त्यानंतर पोपट तसा पुन्हा बोललेला नाही. मी इथं खोटं लिहिणार नाही. एकदाच झालं. का झालं, कसं झालं, सरांना कळलेलं नाही, मला तर नाहीच. वाचणाऱ्यांत कुणी जाणकार असेल तर सांगावं... किंवा नाही सांगितलं तरी चालेल.

पण हे आता रोज डबी लावतात. सर सकाळी सगळ्यांची हजेरी घेतात, "सास्तूर, हायत का?" मग हे बटण दाबून सेटवर नखानं टकटक करतात. यांच्या सेटचा नंबर आपोआप जातोच, त्यावरनं कळतं कोण ते. पलीकडनं तो केरळवाला ओरडतो, त्याच्या तोडक्या हिंदीत, आ गया आ गया. हे मांडीवर थाप मारतात.

त्याच्याही आधी पोपट. बटण दाबलं की यांचे ओठ हलतात. काय म्हणतात ते मला इतक्या लांबूनही कळतं. पोपट परत देतो तो यांचा श्वास, माझा तवा, हरणीचं हंबरणं. त्या मशीनला माणसाचाच आवाज नीट कळतो, बाकीचे आवाज वेडेवाकडे होऊन येतात. हरणी तर बेडकासारखी ऐकू येते. ते सगळं झालं की मी म्हणते, "येतंय."

मागच्या आठवड्यात यांनी सेट माझ्यापुढं धरला.

"मला न्हाय बाई. मला कुठं लायसन हाय?"

यांनी दाखवलं, बटणावर अंगठा यांचाच आहे. आणि पडद्यावर पोपटाचाच नंबर आहे, दुसरं कुणी ऐकणार नाही.

मी बघितलं. दारात कुणी नव्हतं. भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता, मी डोक्यावरनं पदर घेतला. यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, आणि कुणी हळदीकुंकवाला अगदी अडवलं तर, तेही यमकात लपवून. सरळ, नुसतं नाव कधीच घेतलं नाही. अंगठा दबला. मी नाव घेतलं, आणि म्हटलं, "ऐकू येतंय का?"

अंगठा उठला. आम्ही दोघं त्या सेटकडं बघत बसलो, पोरं बसतात तशी. मग पोपटानं माझ्याच आवाजात, पितळी घागरीतनं, यांना नावानं हाक मारली.

यांनी माझ्याकडं बघितलं. आवाज नव्हता. पण ओठ हलले, तेवढे मला वाचता येतात.

"येतंय."

म्हणजे इतकी वर्षं यांना चुलीपासचं माझं ऐकू जात होतं.

नाव मी इथं लिहीत नाही. तेवढं पोपटापाशी राहू दे.